झूराकाननं केलेला लोकरीचा माणूस

कुंपणाच्या तारेला लोकरीचा पुंजका अडकलेला दिसला की माझी थोरली जाऊ झूराकान जागीच थांबायची. हातात पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या असल्या तरी त्या खाली ठेवायची, तारेतून तो चिमूटभर पुंजका अलगद सोडवायची, दोन बोटांत चोळायची आणि सांगायची, "ही बूरूलची लंगडी मेंढी. पोटाखालची लोकर हाय. औंदा चारा कमी पडलाय तिला."

बूरूल आमची शेजारीण. तिच्या कानावर हे गेलं की ती तरातरा कुंपणापाशी यायची. "माझ्या मेंढीच्या पोटाखाली तू कधी शिरलीस गं?"

"मी कशाला शिरू? लोकरच बोलती."

"मग तिला इचार, माझा नवरा कुठं पिऊन पडलाय त्ये. मेंढीला ठावं असंल, मला तर न्हाई."

आणि दोघी तारेच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून हसायच्या. झूराकान हसायची तीसुद्धा हातातल्या पुंजक्याकडे बघत.

आमचं गाव नारिन नदीच्या वरच्या अंगाला, खिंडीच्या पायथ्याशी. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सरकारी कळप अजून मोडले नव्हते आणि झूराकान कातरणीच्या छपरात लोकर निवडायला बसायची. जाड एकीकडे, मऊ एकीकडे, शेणानं माखलेली तिसरीकडे. डोळे मिटून निवडायची. बायका पैज लावून तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधत, तरी एक पुंजका चुकायचा नाही. मला कातायला तिनंच शिकवलं. मी तिला एजे म्हणायचे, म्हणजे ताई. माझं सूत तुटलं की मी चिडायचे. ती म्हणायची, "ओढू नको, आनिपा. लोकर ओढल्यानं येत न्हाई. तिला येऊ द्यायची." जर्दाळूच्या लाकडाची तिची टकळी चालता-बोलता फिरत असायची. दुसऱ्याच्या लग्नात, मेंढ्यांमागं, भांडताना, एवढंच काय, डॉक्टरपुढं जीभ बाहेर काढून बसली तरी मांडीवर टकळी फिरतेय. आमची सासू, तिला आम्ही एने म्हणतो, सगळ्यांदेखत म्हणायची, "हिला पुरायच्या वक्ताला मुठीतनं टकळी सोडवायला चार गडी लागतील."

आमच्यात सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. म्हणून झूराकानच्या नवऱ्याला मी थोरले म्हणते. उंच, वाळका गडी, ढांगा लांब. हसले तरी आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. उन्हाळी कुरणावरून परतले की टोपी काढून झूराकानपुढं उलटी धरायचे. आत कोकराचं जावळ, नाहीतर कुठल्या काटेरी झुडपावरून वेचलेली उंटाची तांबूस लोकर. इतर बायका खडीसाखरेची वाट बघत, ही टोपीची.

त्यांना मूल नव्हतं. दोन झाली, दोन्ही गेली. त्याबद्दल ती बोलायची नाही. बूरूलचा भाऊ शहरात लोकरीच्या कारखान्यात होता. त्यानं यंत्रातल्या मोडक्या सुया मूठभर आणून दिल्या होत्या, बारीक काटे असलेल्या. मोकळ्या लोकरीला ती सुई टोचत राहिलं की लोकर आतल्या आत धरत जाते, आकाराला येते. झूराकान त्या सुईनं शिंगरं करायची, डोंगरात बिळं करून राहणारे मार्मोट करायची, मागच्या पायांवर उभे राहून शीळ घालतात तसे. गावातली पोरं घेऊन जायची. थोरले कुशीवर लवंडून तिच्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, "मला बी टोच की कुठंतरी. जरा बरा दिसंन."

कळप मोडले, मेंढ्या घराघरात वाटल्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मार्चमध्ये आमच्या दोन घोड्या खिंडीकडे भरकटल्या. थोरले सकाळी चहा पिऊन त्यांच्या मागावर गेले. दुपारी बर्फाचं वादळ उतरलं ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांचा घोडा एकटाच दारात येऊन उभा राहिला. खोगीर पोटाखाली फिरलेलं, लगाम तुटलेला. माझा नवरा आणि गावातले नऊजण वर जाऊन आले. बर्फ वितळल्यावर पुन्हा गेले, मग जूनमध्ये गेले. काही मिळालं नाही. ना चाबूक, ना टोपी.

एने म्हणाली, "प्रेत न्हाई, तर मयत न्हाई. काळं नेसायचं न्हाई, गळा काढायचा न्हाई. रडाल तर जित्याला माराल."

झूराकाननं मान हलवली. सासूचं हे एकच बोलणं तिला आयुष्यात पटलं असावं. ती रोज चहा ओतताना थोरल्यांचा पाचवा वाडगाही भरायची. चहावर साय धरायची, गार व्हायचा, मग ती तो उठून बाहेर ओतायची आणि वाडगा पुसून जागेवर ठेवायची. गावात कुणी तिला विधवा म्हणेना, कुणी सवाष्ण म्हणेना. लग्नाच्या पंगतीत नवरीला ओढणी घालायला सवाष्णी उठल्या की ती खाली बघत कातत बसायची. उठावं की नको, हे तिलाही कळत नव्हतं आणि बोलावावं की नको, हे लोकांनाही.

ऑक्टोबरात एनेनं अंथरूण धरलं. पायांना सूज, छातीत घरघर. एका सकाळी तिनं आम्हा दोघींना जवळ बोलावलं.

"झूरा, बस. मला रडायचंय."

"का वं एने? कुठं दुखतंय?"

"दुखाया काय झालंय? पोरासाठी रडायचंय. मी काय येडी हाय? सात महिन्यांनी खिंडीतनं कोण आलंय माघारी? रडू नका म्हणलं ते मीच म्हणलं. चुकलं माझं. आता मी चालले. वर गेल्यावर तो म्हणंल, आये, समद्या जगासाठी रडलीस, माझ्या वक्ताला तुझं डोळं कुठं गेलं व्हतं?"

झूराकाननं मान खाली घातली. टकळीसुद्धा थांबली होती.

"भिंतीकडं बघून कसं रडू?" एने म्हणाली. "काहीतरी म्होरं पाहिजे. तू तूल कर."

तूल हा शब्द मी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. एनेच्या आजीच्या काळी कर्ता पुरुष गेला की त्याचं सोंग करत. लोकर भरून, त्याचेच कपडे घालून त्याला घरात बसवत. वर्षभर त्याच्यापुढं घरच्या बायका विलाप करत. वर्ष संपलं की सोंग मोडून टाकत आणि मगच विधवा मोकळी व्हायची. मुल्लांनी ते पाप म्हणून कधीच बंद पाडलं होतं.

"मी न्हाई करायची," झूराकान म्हणाली.

"तुझ्याबिगर कुणाला येतंय?"

"येतंय म्हणून करू? एने, ज्या दिवशी माझ्या हातानं तूल होईल त्या दिवशी ते मेले. बर्फानं न्हाई, मी मारले."

"आन माझं काय? मी न रडता मरू?"

त्यावर झूराकान उठून बाहेर गेली. एनेनं दुपारी खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी दुधाचा वाडगा तोंडाशी नेला तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. झूराकान दारात उभी राहून बघत होती. मग कोठारात गेली आणि लोकरीची दोन पोती फरफटत अंगणात आणली.

अंगणात चामडं अंथरून आम्ही दोघींनी काठ्यांनी लोकर झोडपली. ती एक शब्द बोलत नव्हती. एरवी लोकर झोडताना तिचं तोंड बंद नसायचं. थोरल्यांच्या जुन्या विजारीत, सदऱ्यात, वरच्या जाड अंगरख्यात तिनं ती मोकळी, फुललेली लोकर भरली. पायांत त्यांचे नमद्याचे, म्हणजे तुडवून घट्ट जमवलेल्या लोकरीचे बूट, त्यांतही लोकर. डोकं मात्र तिनं सुईनं केलं. आठ दिवस टोचत होती. दारात बसलं की तो आवाज यायचा, बर्फावर उंदीर चालावा तसा, खस्स, खस्स. आधी कपाळ आलं, मग नाक, मग डाव्या गालावरचा तो घोड्यानं लाथ मारलेला खळगा. डोळे तिनं केले नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसती खोबण ठेवली, झोपलेल्या माणसाची असते तशी.

एनेनं डोकं हातात घेऊन वळवून बघितलं. "नाक मोठं कर जरा. आमच्या घराण्याचं नाक हाय, बकरीचं न्हाई."

बूरूल बघायला आली. "जित्येपणी इतका गुबगुबीत कुठं व्हता गं? मेल्यावर बरा पोसला तुम्ही," म्हणाली आणि मग एकदम डोक्यावरच्या रुमालानं तोंड दाबून माघारी फिरली.

शेवटी राहिला तो कमरपट्टा. आता हे सांगायला हवं. आमच्या गालिच्यांच्या काठाला दोन सुतं शेजारी-शेजारी टाचतात. एकाचा पीळ उजवा, एकाचा डावा. दोन्ही जवळ आले की वेणीसारखी नक्षी पडते. उजवा पीळ जित्यांचा, डावा मेलेल्यांचा, घराला दोघं मिळून धरतात असं आमच्या बायका मानतात. मयताचं काही बांधायचं तर दोर डाव्या पिळाचाच लागतो. एनेनं झूराकानला हजारदा बजावलं, "डावा कात. डावाच." तिनं कातला, दुहेरी केला आणि तूलाच्या कमरेला गुंडाळायला माझ्या हातात एक टोक दिलं. टोक सैल होतं. सैल सूत स्वतःभोवती वळतं तेव्हा पीळ कुठला ते आंधळ्यालाही कळतं.

पीळ उजवा होता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"एजे, हे..."

"हात चुकला असंल," ती म्हणाली. "बांध."

लोकर निवडताना डोळे बांधूनही जिचा हात चुकला नव्हता ती असं म्हणाली. आणि मी बांधला. आत एने रडायला आसुसलेली, अंगणात तंबू उभा केलेला, पाहुण्यांसाठी घोडं कापलेलं. त्या वेळी तोंड उघडायची मला छाती झाली नाही. आजही कधी कधी वाटतं, मी बोलले असते तर.

मुल्ला आले, दारातून आत बघितलं आणि लाल झाले. "हे काय मांडलंय? मूर्ती? अल्लाला काय तोंड दाखवणार, आजीबाई?"

एने उशीला टेकून म्हणाली, "तोंड त्यानंच दिलंय, ओळखंल. तुम्ही बाहेर जाऊन मटण खावा, मुल्ला. थंड झालं तर ते पाप व्हईल."

मग रीतीप्रमाणे बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि विलाप सुरू झाला. एनेला मात्र दोघींनी धरून तूलासमोर बसवलं होतं. त्या सुजलेल्या, धाप लागणाऱ्या छातीतून असा आवाज निघाला की अंगणातले पुरुष उभे राहिले. तिनं त्याचं पहिलं पाऊल गायलं, पहिला घोडा गायला, खिंडीला शिव्या घातल्या. सगळ्या बायका रडल्या. मी रडले. झूराकान रडली नाही. ती चहाच्या समोवारपाशी बसून वाडगे भरत होती. बूरूलनं तिला कोपरानं ढोसलं, "बस की गं भिंतीकडं, लोक बघत्यात." ती म्हणाली, "चहा कोण दील मग?"

त्या दिवसापासून एने बरी होऊ लागली. चार दिवसांत पायांची सूज उतरली, पंधरा दिवसांत काठी धरून चालू लागली. तूल मोठ्या खोलीत, पुरुषांच्या बाजूला, दाराकडे तोंड करून बसवलेला होता. एने त्याच्यासमोर बसून बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळताना काय काय सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणाचा पोरगा रशियाला गेला. पाचवा वाडगा आता त्याच्यापुढं ठेवला जायचा. झूराकान ठेवायची आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर सात महिन्यांत नव्हतं ते काहीतरी मी बघत होते. समाधान म्हणावं तर समाधान. चोरून खाल्लेल्या साखरेचं असतं ते.

पहिला बर्फ नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडला. सकाळी मी खोली झाडायला गेले तर ओल्या मेंढीचा वास. पावसात भिजलेला कळप गोठ्यात शिरावा तसा. छताकडे पाहिलं, गळत नव्हतं. भिंती कोरड्या. वास तूलाजवळ दाट होता. त्याच्या अंगरख्याच्या खालच्या काठाला हात लावला तर गार, दमट.

"भिंतीनं ओल धरली असंल," झूराकान म्हणाली. तिनं त्याला उचलून शेगडीजवळ बसवलं. शेणी पेटलेल्या होत्या. दुपारपर्यंत अंगरख्यातून वाफ निघत होती. एने म्हणाली, "बघ, कसा शेकत बसलाय."

त्यानंतर जेव्हा जेव्हा बर्फ पडायचा, तेव्हा सकाळी तो वास असायचाच. आणि आणखी एक व्हायला लागलं. अंगरखा सैल पडू लागला. आधी वाटलं, लोकर बसली असेल. पण नवं वर्ष येईतो कमरपट्ट्याची दोन बोटं जास्त उरू लागली. झूराकान घट्ट बांधायची, आठवड्यानं पुन्हा सैल. उंदीर शिरले म्हणून मी मांजर आणून सोडलं. मांजर खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिलं. आत गेलं नाही, पळालंही नाही.

बूरूल आली की म्हणायची, "वाळला की गं हा. तुमच्यात येऊन वाळतोय म्हंजे कमाल झाली." पण आता ती उंबऱ्याबाहेरूनच बोलायची.

गाल बसले. सुईनं टोचून केलेलं ते डोकं, दगडासारखं घट्ट, ते बारीक कसं होईल? पण गालफडं वर आली. आणि फेब्रुवारीत एका दुपारी मी बघितलं, त्याला आम्ही दाराकडे तोंड करून बसवलं होतं, तो खिडकीकडे कलला होता. त्या खिडकीतून खिंड दिसते. मी सरळ केला. हात लावताना लोकर हाताला वेगळी लागली. पण मी ते मनात ठेवलं नाही, ठेवावंसं वाटलं नाही.

झूराकाननं कातणं सोडलं ते त्याच सुमाराला. टकळी खुंटीला. तारेवरचे पुंजके तारेवरच वाऱ्यात हलत राहायचे आणि ती बादल्या घेऊन सरळ निघून जायची. मी एकदा तिला गोठ्यात गाठलं.

"एजे, तुला भ्या वाटतंय का?"

ती गाईच्या आचळाला हात लावून तशीच थांबली. "आनिपा, मी त्यांना जितं ठेवायला गेले. आता त्ये जिते न्हाईत, मेले बी न्हाईत. सकाळी वाडगा उचलाया गेले तर वाटतं, खूप लांबनं कुणी येतंय. बर्फातनं. येतंय, येतंय, आन पोचत न्हाई."

"मग मोडून टाकू."

"एने?" ती म्हणाली. "ती त्याच्यावरच जगतिया. वर्षाआधी मोडला तर ती मरंल. वर्षाचा कायदा हाय."

म्हणजे एकीला जगवायचं तर दुसऱ्याला चालवत ठेवायचं, असं ते होऊन बसलं होतं. उन्हाळ्यात आम्ही एनेला घेऊन कुरणावर गेलो, तूल घरात कुलूप लावून ठेवला. झूराकान कुरणावर झोपायची नाही. दिवसा मेंढ्यांमागं बसल्या-बसल्या डोळा लागायचा आणि दचकून उठायची, म्हणायची, "किती चढ हाय गं." कुठला चढ, आम्ही सपाट गवतात बसलेल्या.

ऑक्टोबर आला. वर्ष भरलं. तूल मोडायचा दिवस एनेनंच ठरवला. दुपारचं ऊन खोलीत आलेलं, दार सताड उघडं. घरातल्या बायका आणि बूरूल, एवढ्याच. रीत सोपी. कमरपट्टा सोडायचा, कपडे उतरवायचे, आतली लोकर मोकळी करून टेकडीवर स्वच्छ जागी वाऱ्यावर सोडायची.

झूराकाननं पट्टा सोडला. अंगरखा उतरवला, तो एका झटक्यात उतरला, इतका तो मोठा झाला होता. सदऱ्याची शिवण तिनं कात्रीनं उसवली आणि आतली लोकर काढायला हात घातला.

हात आत गेलाच नाही.

तिनं बोटांनी चिमूट धरली, ओढली. लोकर सुटेना. दोन्ही हातांनी सदरा फाडला. आत मोकळी लोकर नव्हतीच. आत एक घट्ट, करडा नमदा होता. छाती, पोट, खांदे, सगळा एकसंध, कुठंही धागा सुटत नव्हता. विजार फाडली तर मांड्या, पिंढऱ्या तशाच. आम्ही अंगणात काठ्यांनी झोडून फुलवलेली, ढगासारखी हलकी लोकर अर्ध्याहून कमी झालेली आणि बुटाच्या तळव्यासारखी कडक.

बूरूल मागं सरकली. "कीड लागली असंल," ती म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं.

"कीड खाती," झूराकान म्हणाली. "जमवत न्हाई."

आमच्यात पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं की लोकर आपोआप जमत नाही. तिला ओल लागते, ऊब लागते आणि तुडवणं लागतं. एक नमदा करायचा तर गरम पाणी ओतून, चटईत गुंडाळून, पाच बायका अख्खा दिवस लाथा मारत ती वळकटी गावभर फिरवतात. ओल म्हणावी तर त्या सकाळची, ऊब शेगडीची. तुडवणं कुठून आणायचं? ज्या माणसाच्या बुटात लोकर भरलेली असते आणि जो हिवाळाभर बर्फातून चालतो, त्याच्या बुटातली लोकर वसंतात अशी निघते. फक्त अशीच निघते.

झूराकाननं त्याचे बूट ओढून काढले. बूट नवे होते, थोरल्यांनी एकदाच घातलेले. तळवे पार झिजले होते. डाव्याला टाचेपाशी भोक. तिनं त्या भोकात बोट घातलं, कितीतरी वेळ तसंच ठेवलं. बाहेर कुणाची तरी गाय हंबरली आणि बूरूल दचकली.

"दीड वरीस," झूराकान म्हणाली. आवाज साधा, लोकर निवडताना सांगायची तसा. "दीड वरीस चालत्यात. त्यांना कुणी सांगितलंच न्हाई. तिकडं बर्फात पडले आन हिकडं मी उजव्या पिळानं बांधून ठेवलं. घराकडं निघाले. पोचू बी दिलं न्हाई आन निजू बी दिलं न्हाई."

"उजव्या?" एने म्हणाली.

"व्हय. मीच. हात चुकला नव्हता."

मला वाटलं, आता एने काठी उचलणार. ती उठली, काठीवर भार टाकत आली, आणि त्या करड्या नमद्याच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. "आन मला वाटायचं," ती म्हणाली, "माझ्या बोलण्यानं त्याला बरं वाटतंय. बसवून घेतला मी त्याला. गप्पा मारत बसले." मग सुनेकडे वळून, "थकला असंल गं."

"लई थकलेत."

"मग निजव त्याला."

मोडता येत नव्हता, म्हणून पुरायचं ठरलं. माझा नवरा मुल्लांना बोलवायला गेला. मुल्ला म्हणाले, लोकरीच्या सोंगावर नमाज पढता येत नाही. पण ते आले. अंगणात लांब उभे राहिले आणि मग माझ्या नवऱ्यानं झिजलेले बूट दाखवल्यावर त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. शेवटी जोडे काढून उभे राहिले. काय पढले ते आम्हाला ऐकू आलं नाही.

पांढऱ्या कापडात गुंडाळून तो बाहेर नेण्याआधी खोलीत आम्ही बायका पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलो. चहा कुणीच ओतत नव्हतं. समोवार थंड होता. झूराकान मधोमध बसली. आम्ही वाट बघत होतो. तिनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घशातून जे पहिलं निघालं ते शब्दासारखं नव्हतं, वाळलेलं काहीतरी ओढल्यासारखं होतं. मग ते फुटलं. तिला विलापाचे जुने बांधीव बोल येत नव्हते, किंवा येत असूनही तिनं ते घेतले नाहीत. ती नुसतं सांगत होती. टोपीत आणलेल्या उंटाच्या लोकरीचं. मेलेल्या दोन पोरांचं. खिंडीच्या चढाचं, आता चढायचं नाही म्हणून. खाली बसा म्हणून. बूट काढा म्हणून. मधेच हसल्यासारखं करून, तुमचं नाक एने म्हणत्यात तसंच केलं होतं, असंही.

पुरुष कापड उचलून निघाले तरी ती थांबली नाही. एनेला आताशा कमी ऐकू यायचं. तिनं मला विचारलं, "कोण रडतंय?"

"एजे रडतीया."

"झूरा?"

"व्हय."

एनेनं माझा हात घट्ट धरला. "रडू दे," ती म्हणाली. "कुणी मधी बोलू नका."

आम्ही बोललो नाही. ऊन भिंतीवरून सरकून छताला लागलं, टेकडीवरून पुरुष परत आले, कुत्री भुंकून गप्प झाली, तरी तिचं सांगणं चाललंच होतं.